जाम नदीचा गोटा आणि शेजाऱ्याचा कायदा

श्रावणी अमावास्येला बैलांचा पोळा फुटतो आणि दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी व पिवळी मारबत रस्त्यावर निघतात. ईडा-पीडा गावाबाहेर घालविण्याचा तो विधी आमच्या बहुतेक वाचकांना निदान ऐकून तरी ठाऊक असेल. त्याच दिवशी नागपूरच्या वायव्येस, भोपाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरील पांढुर्णा गावात जो प्रकार चालतो, तो मात्र गोव्या-कोकणात क्वचितच कोणाच्या कानी आला असेल. तेथे जाम नदीच्या मध्यभागी पळसाचे एक झाड रोवतात, त्याच्या शेंड्याला झेंडा बांधतात, त्याची पूजा होते. आणि मग एका काठावरचे पांढुर्णेकर व दुसऱ्या काठावरचे सावरगावकर परस्परांवर दगडगोट्यांचा वर्षाव सुरू करतात. पांढुर्ण्याच्या गड्यांनी झाड तोडून झेंडा हस्तगत करायचा, सावरगावकरांनी तो राखायचा. संध्याकाळी चंडीमातेचा जयघोष होतो, झेंडा देवीच्या देवळात जातो, आणि दिवसभर एकमेकांची डोकी फोडणारे हात जोडून एकाच गाभाऱ्यापुढे उभे राहतात. यालाच गोटमार म्हणतात.

पांढुर्णा आणि सौंसर हा प्रदेश भाषेने आपला आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५३ साली खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत बनला, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले. पण छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्या दक्षिण टोकाचे हे दोन मराठी तालुकेही त्याच्याबरोबर तिकडेच राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा निराळा जिल्हा झाला. कचेरीत हिंदी, घरात व बाजारात मराठी, शेतात कापूस आणि संत्री, असा तेथील व्यवहार आहे. सौंसर तालुक्यातील जामसावळीच्या निद्रिस्त मारुतीच्या दर्शनाला नागपूरकडूनही माणसांची रीघ लागते.

गोटमारीचा उगम कोणी सांगावा? लोककथा अशी की, एका काठच्या तरुणाचे दुसऱ्या काठच्या तरुणीवर मन जडले. तो तिला घेऊन नदी ओलांडत असता दोन्हीकडच्या लोकांनी दगडांचा मारा केला आणि ती दोघे पात्रातच मरण पावली. त्यांच्या स्मरणार्थ हा खेळ. दुसरी समजूत भोसल्यांच्या फौजेच्या सरावाकडे बोट दाखविते. इतिहासाच्या कसोटीला या दोहोंतील एकही कथा उतरत नाही. तथापि प्रेमिकांची कथा खोटी असली तरी ती रचणाऱ्याने एक खरी गोष्ट जाणली होती, असे आम्हांस वाटते. मारणारे आणि मरणारे परके नव्हते, शेजारी होते. आजही या दोन काठांत सोयरिकी होतात.

आम्ही हा सोहळा एकदा पुलाच्या बाजूने पाहिला आहे. आमच्या वकिली डोळ्यांना नदीतल्या झाडापेक्षा नदीबाहेरची तयारी अधिक बोलकी वाटली. काठावर तंबू उभारून तात्पुरते दवाखाने मांडलेले, टाके घालणारे डॉक्टर सज्ज, रुग्णवाहिका तोंड रस्त्याकडे करून उभ्या, शेकडो पोलीस तैनात. जमावबंदीचा हुकूम निघतो, पूर्वी फौजदारी संहितेच्या १४४ व्या कलमाखाली, आता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाखाली. गोफणीला बंदी होते, दारूची दुकाने बंद राहतात. आणि हुकूम गुंडाळून खिशात ठेवावा तसा तो दिवसभर तसाच राहतो, कारण जमाव बंद करण्याचे बळ कोणापाशी नसते. जखमींचा आकडा दर वर्षी शेकड्यांत जातो. गेल्या सत्तर वर्षांत डझनावर माणसे या पात्रात किंवा या पात्रातील जखमांनी मेली आहेत. १९७८ आणि १९८७ या दोन वर्षी तर पोलिसांनी गोळीबार केला आणि दगडाऐवजी गोळीने माणसे दगावली. दगडांऐवजी रबरी चेंडू पुरविण्याचा प्रयोगही प्रशासनाने करून पाहिला. चेंडू लोकांनी घरी नेले आणि खेळ गोट्यांनीच झाला.

आमचा प्रश्न येथून सुरू होतो. निष्काळजीपणाच्या कायद्यात प्रतिवादीची पहिली ढाल असते ती ही, की असे होईल हे कोणाला ठाऊक होते? आणि येथे तर कोणत्या दिवशी, कोणत्या तासाला, नदीच्या कोणत्या वळणावर किती टाके लागतील याचा अंदाज बांधून दोरा-सुई आधीच आणून ठेवलेली असते. ज्याची एवढी पूर्वकल्पना आहे त्याबद्दल दक्षतेचे कर्तव्य कोणाचे?

हा प्रश्न इंग्रजांनी आम्हांस शिकविला, अशी एक समजूत वकीलवर्गात आहे. ती पुरती खरी नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात गाडीच्या अपघाताचे एक प्रकरण आहे. बैलाची वेसण तुटली, जू मोडले, आस किंवा चाक भंगले, अशा प्रसंगी कोणास इजा झाली तर दंड नाही. आणि गाडीवानाने ‘बाजूला व्हा’ असे ओरडून सांगितले असेल तरीही दंड नाही. परंतु गाडीवानाच्या अकौशल्याने गाडी भलतीकडे गेली तर मालकास दोनशे पण दंड. गाडीवान कसलेला असून चुकला तर दंड त्याचा. आणि याहून विलक्षण म्हणजे, अनाडी गाडीवानाच्या गाडीत जे जाणूनबुजून बसले त्या प्रत्येकास शंभर पण दंड! मोडलेला आस आणि अनाडी हात यांतील हा भेद म्हणजे टळणारे आणि न टळणारे यांतीलच भेद आहे. मालकाने गाडी कोणाच्या हाती दिली हे पाहिले पाहिजे, हा विचार तर आजच्या मोटार अपघाताच्या दाव्यातही शोभावा.

याज्ञवल्क्यस्मृतीत हाच नियम पुढे नेला आहे, आणि तेथे आमच्या विषयाचा दगड प्रत्यक्ष येतो. लाकूड, ढेकूळ, बाण, दगड फेकताना ‘दूर सर’ असे ओरडून सांगणाऱ्याला दोष नाही, असे तो स्मृतिकार म्हणतो. म्हणजे न ओरडणाऱ्याला दोष आहे. ज्या ग्रंथावर कल्याणीच्या विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली आणि ज्या मिताक्षरेवर महाराष्ट्राचे व कोकणाचे वारसाचे व्यवहार शतकानुशतके चालले, त्याच ग्रंथातले हे वचन आहे. वारसाहक्काच्या प्रकरणांसाठी आमच्या वकिलांनी मिताक्षरेची पाने झिजविली, पण हे पान मात्र फारसे उलटले नाही, ही गोष्ट विनोदाची की खेदाची हे वाचकांनी ठरवावे.

इंग्रजी कायद्याचा इतिहास पाहू लागलो तर तेथेही वाटेत दगडच आडवे येतात. १८९१ साली लॉर्डांच्या सभागृहापुढे स्मिथ नावाच्या एका मजुराचा खटला आला. रेल्वेच्या कामावर तो खडकाला भोके पाडीत असे आणि त्याच्या डोक्यावरून यारीने दगड हलविले जात. दगड येतो आहे अशी इशारत कोणी देत नसे. एक दगड निसटून त्याच्यावर पडला. मालकाचे म्हणणे असे की, धोका आहे हे स्मिथला ठाऊक होते, तरी तो काम करीत राहिला, तेव्हा त्याची संमती झाली. बहुसंख्य न्यायाधीशांनी ते मानले नाही. धोका ठाऊक असणे वेगळे, धोका आपल्या शिरावर घेणे वेगळे. पोटासाठी उभा असलेला माणूस दगडाकडे पाहतो आहे म्हणून त्याने दगडाला होकार दिला असे होत नाही. याज्ञवल्क्याची आरोळी येथे कोणी दिली नव्हती, आणि निकालही त्याच दिशेने गेला.

पुढे १९३२ साली या सगळ्या विखुरलेल्या निकालांना एक सूत्र मिळाले. स्कॉटलंडातील पेझली गावी डोनोह्यू नावाच्या बाईने मैत्रिणीने घेऊन दिलेल्या आल्याच्या पेयाच्या अपारदर्शक बाटलीतून काही भाग प्याला, आणि उरलेले ओतताना त्यातून कुजलेली गोगलगाय निघाली, अशी तिची फिर्याद होती. बाटली तिने विकत घेतली नव्हती, म्हणून कराराचा आधार नव्हता. लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी प्रश्न घातला की कायद्याच्या दृष्टीने माझा शेजारी कोण? आणि उत्तर दिले ते असे, की माझ्या कृत्याचा ज्याच्यावर इतका निकट परिणाम होईल की कृत्य करताना तो माझ्या डोळ्यांपुढे असावयास हवा, तो माझा शेजारी. त्याला इजा होईल असे ज्याबद्दल वाजवीपणे आधी दिसते, ते मी टाळले पाहिजे. पाचांपैकी तिघा न्यायाधीशांचे बहुमत त्या बाईच्या बाजूने पडले. (गोगलगाय खरोखरच होती की नाही हे शेवटपर्यंत सिद्ध झालेच नाही, खटला पुढे आपसात मिटला. जगभरच्या अपकृत्याच्या कायद्याचा पाया एका न पाहिलेल्या गोगलगायीवर उभा आहे!)

तीन वर्षांनी, १९३५ साली, पुन्हा दगड आला. लंडनच्या एका रस्त्यावर दोन घोड्यांची गाडी कोणी न सांभाळता उभी होती. एका पोराने दगड मारला, घोडे उधळले, आणि रस्त्यावरील बायकामुले चिरडली जातील हे पाहून एका पोलीस शिपायाने चौकीतून धावत येऊन घोडे आवरले व स्वतः जखमी झाला. गाडीवाल्याने म्हटले, दगड पोराने मारला, शिपाई आपण होऊन धावला, आमचा संबंध काय? न्यायालयाने सांगितले की गर्दीच्या रस्त्यावर घोडे सोडून जाणाऱ्याला पोरे खोड्या काढतील हे दिसावयास हवे होते, आणि कर्तव्यासाठी धावणाऱ्याला ‘तू स्वेच्छेने धोका पत्करलास’ असे म्हणता येत नाही. जामच्या काठावर ढाल घेऊन उभा असलेला शिपाई ना पांढुर्ण्याचा असतो ना सावरगावचा. त्याच्या कपाळावर गोटा बसतो तेव्हा परंपरेचे कोणतेही समर्थन त्याला लागू पडत नाही.

आता आमच्या म्हणण्याविरुद्ध जाणारा निकालही सांगितला पाहिजे, नाहीतर वकिली एकतर्फी होईल. ९ ऑगस्ट १९४७ रोजी मँचेस्टरजवळ एका क्रिकेटच्या मैदानातून चेंडू कुंपणापलीकडे उडाला आणि घरासमोर रस्त्यावर उभ्या असलेल्या एका बाईंना लागला. बाईंचे आडनाव स्टोन, म्हणजे मराठीत दगडच. येथे मात्र दगडाला चेंडू लागला. १९५१ साली लॉर्डांच्या सभागृहाने बाईंचा दावा फेटाळला. तीस वर्षांच्या सुमारास चेंडू रस्त्यावर गेला तो अवघा सहा वेळा. कधीतरी कोणाला लागेल हे दिसत होते खरे, पण शहाणा माणूस इतक्या दूरच्या शक्यतेपायी खेळ बंद करीत नाही. हा निकाल आम्हांस योग्य वाटतो. माणसाने प्रत्येक शक्यतेला भिऊन राहिले तर देवाची पालखी दाराबाहेर निघणार नाही. परंतु ज्या मोजपट्टीने क्रिकेटचे मैदान सुटले, तीच मोजपट्टी जामच्या पात्राला लावून पाहावी. तीस वर्षांत सहा चेंडू, आणि एका दिवसात शेकडो जखमा.

गोटमारीचा अभिमान बाळगणारे पांढुर्णेकर यावर जे उत्तर देतात ते पोकळ नाही. आम्ही राजीखुशीने उतरतो, तुम्ही कोण विचारणारे, असे ते म्हणतात. कायदा हे उत्तर काही अंशी ऐकतो. १८६० च्या दंडसंहितेच्या ८७ व्या कलमात, आणि आता न्यायसंहितेच्या २५ व्या कलमात, तलवारबाजीचा खेळ खेळणाऱ्या दोघांचे उदाहरण दिले आहे. खेळ सचोटीने चालला असता होणाऱ्या इजेला त्यांची संमती धरली जाते. कुस्तीचा आखाडा, कबड्डीचे मैदान याच आधारावर उभे आहे. पण त्या कलमाच्या दोन मर्यादा आहेत. संमती देणारा अठरा वर्षांवरचा हवा. आणि ज्या कृत्याने मृत्यू किंवा जबर दुखापत होण्याचा संभव कर्त्याला ठाऊक आहे, त्याला संमतीचे कवच मिळतच नाही. नदीतला गोटा डोळ्यावर बसला तर डोळा जातो, हे कळण्यास कोणा तज्ज्ञाची साक्ष लागत नाही. आणि सज्जावर, गच्चीवर, पुलाच्या कठड्याशी जी पोरे उभी असतात, त्यांची संमती कोणी विचारली?

राहिला प्रश्न सरकारचा. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे मेली त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६६ साली नगरपालिकेस जबाबदार धरले. मनोरा ऐंशी वर्षांचा, त्या बांधणीचे आयुष्य चाळीस-पंचेचाळीस वर्षांचे, आणि पालिकेने त्याची वेळोवेळी तपासणीच केली नव्हती. दोष वरून दिसत नव्हता ही सबब चालली नाही, कारण तपासले असते तर दिसला असता. जेथे न दिसणाऱ्या दोषाचीही झडती घ्यावी लागते, तेथे दिवस-तिथीसह दिसणाऱ्या धोक्याचे काय? तरीही आम्ही हे कबूल करतो की गोळीबाराने आणि बंदीहुकुमाने हा प्रश्न सुटलेला नाही, आणि सुटणारही नाही. दवाखान्याचे तंबू ठोकणे हे कर्तव्याचे शेवटचे पाऊल आहे. पहिले पाऊल म्हणजे खेळणारा व न खेळणारा यांच्यामध्ये रेषा आखणे, पोरांना त्या रेषेच्या आत येऊ न देणे, झाड कोठे रोवावे आणि बघ्यांनी कोठवर यावे हे आधी ठरविणे. ते प्रशासनाला एकट्याने साधणारे नाही. ते काठावरच्या लोकांचे आणि देवळाच्या कारभाऱ्यांचे काम आहे.

येथे आम्ही आमच्या वाचकांकडे वळतो, कारण त्यांतले पुष्कळ जण कोठल्या ना कोठल्या देवस्थानाचे महाजन, विश्वस्त किंवा कार्यकर्ते आहेत. गोटमार दूरची आहे आणि रानवट आहे, असे मनात म्हणून पान उलटू नये. २५ जानेवारी २००५ रोजी वाईजवळ मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी व आग यांत अडीचशेहून अधिक भाविक गेले. तेथे कोणी कोणावर दगड उगारला नव्हता. उतारावरची अरुंद वाट, फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि वाटेला खेटून मांडलेली दुकाने एवढेच पुरले. ३ मे २०२५ च्या पहाटे आमच्या डिचोली तालुक्यात, शिरगावी श्रीलईराई देवीच्या जत्रेत, हातात वेताच्या काठ्या घेऊन व्रत पाळणाऱ्या धोंडांची आणि दर्शनाला आलेल्यांची गर्दी उतारावर एकमेकांवर कोसळली. निदान सहा जणांचे प्राण गेले, अनेक जखमी झाले. दोष कोणाचा हे ठरविणे आमचे काम नाही. आम्ही एवढेच म्हणतो की उतार हा उतार आहे आणि जत्रेची तिथी पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते, ही दोन्ही सत्ये त्या रात्रीनंतर नव्याने कळलेली नाहीत.

‘देवाच्या दारी जे घडते ते देवाची इच्छा’, हे वाक्य अशा वेळी आपल्या तोंडी चटकन येते. शोकाकुल घरात ते बोलावे. तेथे त्याचे मोल आहे. विश्वस्तांच्या सभेत ते बोलू नये. मनूने वेसण तुटण्याला दैव म्हटले, अनाडी हाताला म्हटले नाही, आणि अनाडी हाती गाडी देणाऱ्या मालकाला तर सोडलेच नाही. जत्रेचा मालक देव असेल, पण गाडीची दोरी कोणाच्या हाती द्यायची हे ठरविणारी माणसेच असतात.

पांढुर्ण्यात पोळ्याच्या काही दिवस आधी शांतता समितीची बैठक भरते. अधिकारी असतात, दोन्ही काठांची जाणती मंडळी असतात, व्यवस्थेची यादी वाचली जाते: इतके डॉक्टर, इतक्या रुग्णवाहिका, इतका बंदोबस्त. त्या यादीत एक ओळ घालावी अशी आमची सूचना आहे. अठरा वर्षांखालील मूल नदीच्या पात्रात किंवा गोटा पोहोचेल अशा गच्चीवर दिसले, तर त्याला घरी नेऊन सोडण्याचे काम सावरगावच्या मुलांसाठी पांढुर्ण्याच्या माणसांनी आणि पांढुर्ण्याच्या मुलांसाठी सावरगावच्या माणसांनी करावे. मुलाच्या घरची माणसे त्यांना ओळखतील. बहुतेक घरी चहाही मिळेल.